दहा आज्ञा आणि रुपेरी पडदा

धर्माज्ञा थोडक्या शब्दांत सांगितलेल्या असतात. मनुष्याचा संसार मात्र कधींच थोडक्यांत आटपत नाहीं. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचें काम भाष्यकार, प्रवचनकार व न्यायशास्त्री आजवर करीत आले. विसाव्या शतकांत त्यांच्या पंक्तीस चित्रपट येऊन बसला. तो तेथें कितपत शोभतो, हें पाहण्यासाठीं ज्यू व ख्रिस्ती धर्मांतील दहा आज्ञांचें उदाहरण आम्ही घेत आहों.

अमेरिकन दिग्दर्शक सेसिल डिमिल यानें १९२३ सालीं या विषयावर मूकपट काढला. पूर्वार्धांत मोशेची कथा, तर उत्तरार्धांत आधुनिक काळांतील दोन भावांची. त्यांपैकीं आज्ञांची थट्टा करणारा भाऊ बांधकामांत निकृष्ट काँक्रीट वापरतो, आणि त्यानेंच बांधलेल्या चर्चची भिंत कोसळून त्याची आई मरते. १९५६ सालीं डिमिलनें हाच विषय पुन्हां घेतला, तेव्हां आधुनिक कथा गाळून केवळ मोशेचें चरित्र भव्य रूपांत दाखविलें. दोन्ही चित्रपटांत समुद्र दुभंगतो, पाप्याला शासन होतें; परंतु आज्ञेचा अर्थ काय, ही शंका कोणालाच येत नाहीं. प्रेक्षक जें मानून आंत जातो, तेंच मानून बाहेर येतो.

ही शंका पोलंडांत निघाली. १३ डिसेंबर १९८१ रोजीं तेथील साम्यवादी सरकारनें लष्करी कायदा पुकारला. तो १९८३ च्या जुलैंत उठला. त्या काळच्या राजकीय खटल्यांत आरोपींचा बचाव करणारे वकील क्शिश्तोफ पिएसेविच आणि दिग्दर्शक क्शिश्तोफ किएश्लोव्स्की यांनीं मिळून पुढें ‘डेकालॉग’ ही मालिका लिहिली. सुमारें तासातासाचे हे दहा चित्रपट पोलिश दूरचित्रवाणीसाठीं १९८८ च्या सुमारास तयार झाले. यांत मोशे नाहीं, सीनाय पर्वत नाहीं. आहे ती वॉर्सा शहरांतील उंच इमारतींची एक वसाहत, व तींत राहणारे डॉक्टर, प्राध्यापक, टपालकचेरींतला पोरसवदा कारकून.

कॅथलिक गणनेप्रमाणें आठवी आज्ञा खोट्या साक्षीची. चित्रपटांत, १९४३ सालीं जर्मनांच्या ताब्यांतील वॉर्सांत एका ज्यू बालिकेस जीव वाचविण्यासाठीं बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो. एक कॅथलिक बाई ऐनवेळीं नकार देते. ईश्वरासमोर असत्य बोलणें आपल्यास शक्य नाहीं, असें कारण सांगते. ती मुलगी वांचते, आणि अनेक वर्षांनीं अमेरिकेहून येऊन, आतां नीतिशास्त्राची प्राध्यापिका झालेल्या त्याच बाईपुढें उभी राहते. तेव्हां कळतें कीं, मुलीला आसरा देणारें कुटुंब शत्रूचें हस्तक असल्याची वार्ता आली होती. भूमिगत चळवळ धोक्यांत येईल म्हणून बाईनें माघार घेतली. आणि ती वार्ताच खोटी होती. म्हणजे असत्य टाळण्याची सबब हेंच असत्य ठरलें. आज्ञेचा एवढा मार्मिक अर्थ शंभर प्रवचनांतून निघेल कीं नाहीं, याविषयीं आम्हांस शंका आहे.

कोणी म्हणतील, असा ऊहापोह करीत बसल्यास आज्ञा सैल पडतात. पांचव्या आज्ञेवरील चित्रपट याचें उत्तर देतो. एक तरुण टॅक्सीचालकाचा विनाकारण खून करतो. नंतर सरकार त्या तरुणास फांशी देतें. दिग्दर्शक दोन्ही मृत्यु सारख्याच निष्ठुरपणें दाखवितो. येथें आज्ञा सैल झालेली नाहीं. उलट, व्यक्तीबरोबर राज्यसंस्थाही तिच्या कक्षेंत आली आहे. पोलंडमधील शेवटची फांशी १९८८ सालींच झाली, आणि १९९७ च्या दंडसंहितेंतून ती शिक्षा वगळण्यांत आली. याचें श्रेय एका चित्रपटास देणें धाडसाचें होईल. पण राष्ट्राच्या मनांत चाललेला विचार त्यानें डोळ्यांपुढें उभा केला, एवढें निश्चित.

आज्ञा मोडणाऱ्याचें काय होतें, हें डिमिलनें दाखविलें. आज्ञा पाळणें म्हणजे काय, हें किएश्लोव्स्कीनें विचारलें. पहिल्यानें प्रेक्षकास दुसऱ्याचें पाप दाखवून निश्चिंत केलें, दुसऱ्यानें त्याला स्वतःकडे पाहावयास लाविलें. भाष्यकाराचें खरें कार्य हेंच होय, असें आम्हांस वाटतें.