थोरियमचा साठा आणि काळाचा हिशेब

त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनॅझाइट आहे, हे १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाच्या ध्यानी आले, तेव्हा त्यातील थोरियमचे मोल गॅसबत्तीच्या मॅण्टलपुरतेच होते. अर्ध्या शतकाच्या आत तीच वाळू एका नवस्वतंत्र राष्ट्राच्या ऊर्जानीतीचा आधार मानली जाऊ लागली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये तुर्भे येथे थोरियमचा कारखाना सुरू झाला. तत्पूर्वी, नोव्हेंबर १९५४ मधील दिल्लीच्या परिषदेत, होमी भाभा यांनी या धोरणाची मीमांसा केली होती. देशात सुलभपणे मिळण्याजोगे थोरियम ५ लाख टनांहून अधिक, तर युरेनियम त्याच्या एक-दशांशाहूनही कमी. सबब दूरदृष्टीचे धोरण थोरियमवरच आधारले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद सदोष नव्हता. मात्र नंतरच्या काळात त्याचा अर्धाच भाग लोकांच्या स्मरणात राहिला. थोरियम हे स्वतः इंधन नव्हे. त्याच्या अणुगर्भाने न्यूट्रॉन शोषून घ्यावा, मग प्रोटॅक्टिनियम-२३३ या टप्प्यातून जाऊन त्याचे युरेनियम-२३३ व्हावे, तेव्हा कोठे विदलनक्षम द्रव्य हाती येते. यातील प्रोटॅक्टिनियमचा अर्धायुकाल सुमारे २७ दिवसांचा आहे. शिवाय आरंभीचे न्यूट्रॉन अन्य इंधनानेच पुरवावे लागतात. म्हणूनच भाभांनी तीन टप्पे कल्पिले: नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्यांतून प्लुटोनियम मिळवावे, ते प्रजनक भट्ट्यांत वापरून वाढवावे, आणि त्यानंतर थोरियमकडे वळावे. प्रत्येक टप्प्याची गती मागच्या टप्प्यात साठलेल्या द्रव्यावर अवलंबून असल्याने या योजनेत काळ हाच निर्णायक घटक होता, खनिज नव्हे.

आणि काळाचा हिशेब प्रथमपासूनच चुकत गेला. देशातील पहिले अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये महाराष्ट्रात, तारापूर येथे सुरू झाले. परंतु त्यातील अमेरिकन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागत असल्याने त्या या क्रमात बसतच नव्हत्या. वीज त्वरेने हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या टप्प्यातील राजस्थानच्या भट्ट्या कॅनडाच्या साहाय्याने उभ्या राहत होत्या. मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर ते साहाय्य थांबले आणि पुढील कार्य बव्हंशी स्वबळावर, म्हणजेच मंदगतीने, करावे लागले. कल्पाकम येथील प्रायोगिक क्षिप्र प्रजनक भट्टी १९८५ मध्ये क्रांतिक झाली. ५०० मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले, आणि तिच्या गाभ्याची भरणी सुरू होण्यास मार्च २०२४ उजाडला. युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी १९९६ मध्ये क्रांतिक झाली खरी. पण तिची शक्ती अवघी ३० किलोवॉट आहे. लाखो टनांच्या साठ्याशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे अंतर किती राहिले ते कळते.

द्रव्याचा गुण व्यवस्थेला चिकटविण्याची हीच चूक सुरक्षिततेच्या चर्चेतही आढळते. थोरियम ‘सुरक्षित’ आहे, असे म्हटले जाते. वस्तुतः सुरक्षितता मूलद्रव्याची नसून भट्टीची, तिच्या शीतकाची आणि तारांच्या मांडणीची असते. युरेनियम-२३३ बरोबर थोडे युरेनियम-२३२ अटळपणे निर्माण होते. त्याच्या क्षयशृंखलेतील थॅलियम-२०८ तीव्र गॅमा किरण सोडते, त्यामुळे असे इंधन जाड संरक्षक भिंतीआडून, दूरनियंत्रणानेच हाताळावे लागते.

भारतातील सर्वांत गंभीर अनुभव तर इंधनाशी निगडित नव्हताच. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग तारांपर्यंत पोहोचली. मुख्य व राखीव अशा दोन्ही पुरवठ्यांच्या तारा परस्परांपासून पुरेशा विलग नसल्याने सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. भट्टी तत्क्षणी बंद झाली होती, तरी तिची अवशिष्ट उष्णता निघतच होती. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी पुरविले. कर्मचाऱ्यांनी अंधारात हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉनचे द्रावण सोडले. किरणोत्सर्गाची बाधा कोणास झाली नाही. त्या भट्टीत थोरियम असते, तरीही त्या तारा तशाच जळाल्या असत्या.