खानदेशातील तारमार्ग आणि डेटा सेंटरची आखणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

डेटा सेंटरच्या आखणीचा विचार बहुधा संगणकशास्त्राच्या अंगाने केला जातो. तथापि केबल कोणत्या वाटेने आणावी, हा त्यातील कळीचा प्रश्न खानदेशला दीडशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा परामर्श घेतला आहे.

१८५० च्या दशकाच्या मध्यास ओशॉघ्नेसी यांच्या देखरेखीखाली मुंबई व आग्रा ही शहरे तारेने जोडली गेली. ही तार आग्रा रस्त्याच्या अनुषंगाने इंदूरमार्गे गेली. खांब वाहून नेणे, तुटलेली तार जोडण्यास माणसे पाठविणे हे रस्त्यामुळे सुकर होई. मात्र या सोयीतच धोकाही होता. १८५७ मध्ये सेंधवा घाटाची राखण पूर्वी ज्याच्याकडे होती, त्या खाज्या नाईकाने इंदूरहून मुंबईकडे निघालेला खजिना त्याच परिसरात लुटला. टपाल, खजिना आणि तार एकाच घाटातून जात असतील, तर घाट हातचा जाताच तिन्ही खोळंबणार, हे उघड आहे.

१८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने आली आणि रुळांलगत तारही आली. जिल्ह्याचे ठाणे असूनही धुळे बाजूला राहिले. चाळीसगावची शाखा तेथे पोहोचण्यास १९०० साल उजाडले. १८७० मध्ये मुंबई–अलाहाबाद लोहमार्ग जोडला गेला व त्याच वर्षी सुएझ–एडनकडून समुद्री तार मुंबईस पोहोचली. धुळ्याकडून एक आणि भुसावळकडून एक, असे उत्तरेचे दोन मार्ग खानदेशातून सिद्ध झाले. नकाशावर ते स्वतंत्र दिसतात; परंतु मुंबईकडे येताना रस्ता व रेल्वे या दोहोंना थळघाटच चढावा-उतरावा लागे. हा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो.

डेटा सेंटरच्या रचनेत वीज व माहितीच्या केबल वेगळ्या ठेवणे, थंड व उष्ण हवेच्या मार्गिका परस्परांत मिसळू न देणे, तांब्याच्या जोडणीची शंभर मीटरची मर्यादा पाळणे, या बाबी इमारतीच्या आत सांभाळता येतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीआयए-९४२ या मानकाने वरच्या श्रेणीच्या केंद्रांसाठी केबलचे एकाहून अधिक, परस्परांपासून दूर असलेले प्रवेशमार्गही अपेक्षिले. खरी परीक्षा मात्र कुंपणाबाहेर असते. दोन कंपन्यांची दोन देयके येतात म्हणून मार्ग दोन होत नाहीत. दोन्ही प्रकाशतंतू महामार्गाच्या एकाच कडेने, एकाच मोरीखालून जात असतील, तर रस्तारुंदीकरणाचे एक खोदयंत्र दोहोंचा निकाल लावते.

जळगावातील एखाद्या महाविद्यालयास वा विद्यापीठास आपले केंद्र उभारताना एक जोडणी रेल्वेलगतच्या वाहिनीतून घेता येईल. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेलने रुळांलगतच प्रकाशतंतूचे जाळे उभारले आहे. दुसरी जोडणी महामार्गाने धुळ्याकडून घेतली, तरी मुंबईपर्यंत जाताना ती पुन्हा थळघाटातच पहिलीला भेटण्याचा संभव आहे. त्याऐवजी १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाची दिशा विचारात घ्यावी लागेल. अमळनेर, नंदुरबार, सुरत हा मार्ग कसाऱ्यास न शिवता किनारपट्टीवर पोहोचतो. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी सेवादात्या कंपनीकडून केबलच्या वाटेचा नकाशा मागून घ्यावा आणि त्यात थळघाट किती वेळा येतो, ते मोजावे.