वेढ्यांतील वाफे

उष्ण देशांत परसबाग ही फारशी कष्टाची गोष्ट मानली जात नाहीं. सांडपाण्यावर अळू माजतें, कुंपणावर दोडका आपोआप चढतो, आणि एक भाजी संपते तों दुसरी तयार होते. युरोपच्या उत्तरेकडे निसर्ग इतका उदार नाहीं. रशियांतील लेनिनग्राड शहर सुमारें ६० उत्तर अक्षांशावर वसलेलें आहे, इ. स. १९९१ पासून तें पुन्हां सेंट पीटर्सबर्ग या आपल्या जुन्या नांवानें ओळखलें जातें. तेथें जमीन वर्षांतून चार-पांच महिने बर्फाखालीं असते, मे महिना संपेपर्यंत रात्रीच्या हिंवानें कोंवळीं रोपें जळण्याची भीति असते, आणि सप्टेंबरांत तें हिंव परत येऊं लागतें. पेरणी, वाढ आणि काढणी हें सारें मधल्या अल्प काळांत उरकावें लागतें. अशा ठिकाणीं १९४२ सालीं लाखाहून अधिक नागरिकांनीं हातीं कुदळ घेतली, त्याची ही हकीकत.

दुसऱ्या महायुद्धांत ८ सप्टेंबर १९४१ रोजीं जर्मन सैन्यानें या शहराचा शेवटचा खुष्कीचा मार्ग तोडला आणि वेढा पूर्ण झाला. त्याच दिवशीं बाँबहल्ल्यांत शहरांतील मोठीं धान्यकोठारें जळालीं. २० नोव्हेंबरपासून पांच आठवडे कामगारास रोज २५० ग्रॅम आणि इतरांस, मुलें व वृद्ध यांसह, केवळ १२५ ग्रॅम पाव मिळत असे. आणि तो पावहि निव्वळ पिठाचा नसे. लाडोगा सरोवर गोठल्यावर बर्फावरून कांहीं रसद येऊं लागली, परंतु तेवढ्यानें भागेना. त्या हिंवाळ्यांत लाखो माणसें भुकेनें आणि थंडीनें मेलीं. जीं वांचलीं त्यांपैकीं अनेकांच्या हिरड्यांतून रक्त वाहूं लागलें. ताज्या भाजीपाल्याच्या अभावीं होणारा स्कर्व्ही हा तो रोग. त्यावर उपाय म्हणून पाइन वृक्षाच्या सुईसारख्या पानांचा अर्क काढून लोकांना पाजण्यांत येई.

मार्च १९४२ मध्यें नगरसभेनें नागरिकांनीं स्वतःपुरता भाजीपाला पिकवावा असें ठरविलें आणि कारखान्यांतील व कचेऱ्यांतील लोकांना जमिनीचे तुकडे वांटून दिले. पण दगडी शहरांत जमीन कोठून आणावयाची? उद्यानांतील हिरवळी उकरण्यांत आल्या. जेथें एके काळीं झारच्या पलटणींचीं संचलनें होत, त्या मार्स मैदानावर वाफे पडले. राजघराण्याच्या ग्रीष्मोद्यानांत भाज्या लागल्या. आणि सेंट आयझॅकच्या भव्य प्रार्थनामंदिरासमोरील चौकांत कोबीच्या रांगा उभ्या राहिल्या. या कोबीचीं छायाचित्रें आजहि पाहावयास मिळतात. कुदळ धरणारे हात मात्र शेतकऱ्याचे नव्हते. ते शिक्षकांचे, कारकुनांचे, गिरणीकामगारांचे होते, आणि त्यांतहि स्त्रियांचे अधिक. चार पावलें चालतांना धाप लागावी अशी त्यांची अवस्था. डोक्यावर तोफगोळ्यांचें भय. आणि पीक दिसूं लागल्यावर चोराचेंहि भय.

या दुबळ्या माळ्यांना एक गोष्ट अनुकूल होती, ती म्हणजे प्रकाश. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो, तर जूनमध्यें लेनिनग्राडला सूर्य जवळजवळ एकोणीस तास क्षितिजावर असतो आणि रात्रहि संधिप्रकाशांतच सरते. त्यामुळें कोबी, गाजर, बीट यांसारखीं थंडी सोसणारीं पिकें तेथें झपाट्यानें वाढतात. मुळा मात्र या लांब दिवसांत फसवितो. तो कंद धरावयाचें सोडून फुलोऱ्यावर जातो. कोबीला वाढीस अधिक काळ लागतो, म्हणून त्याचें बीं आधीं आडोशाला पेरून थंडी ओसरल्यावर तयार रोपेंच जमिनींत लावावयाचीं, ही तेथील जुनी रीत. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पुस्तिका काढून खाण्याजोगें तण लोकांना ओळखावयास शिकविलें. अंगाला लागतांच आग करणारें नेटल, पिवळ्या फुलांचें डँडेलियन आणि चाकवताच्या कुळांतील रानभाज्या यांवर लोकांनीं वसंताचे पहिले आठवडे काढले.

खरा पेंच होता तो बटाट्याचा. बटाट्याचें बियाणें म्हणजे प्रत्यक्ष बटाटाच. उपाशी मुलासमोर तो मातींत पुरावा कीं शिजवावा? यावर तोडगा असा निघाला कीं, डोळ्यासह थोडासा गर कापून तेवढाच लावावा आणि उरलेला भाग खावा. अशा लावणीचें पीक तुलनेनें कमी येतें, पण येतें. ज्या घरानें हा संयम राखला त्याला आजचा घांस आणि उद्यांचें पीक दोन्ही थोडें थोडें साधलें.

हाच प्रश्न त्याच चौकाच्या कडेला असलेल्या एका संस्थेंत अधिक कठोर रूपानें उभा होता. निकोलाय व्हॅव्हिलॉव्ह या शास्त्रज्ञानें देशोदेशीं हिंडून जमविलेल्या पिकांच्या लाखाहून अधिक वाणांचीं बियाणीं तेथें साठविलेलीं होतीं. त्यांत तांदूळ, गहूं, भुईमूग असें सारें कांहीं होतें. संस्थेंतील माणसें या धान्याच्या राशींत बसून उपाशी राहिलीं. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आणि तांदळाचे अभ्यासक दमित्री इवानोव्ह हे आपापल्या संग्रहाची राखण करीत भुकेनें मरण पावले; इवानोव्ह यांच्यामागें तांदळाचीं हजारो पाकिटें जशींच्या तशीं सांपडलीं. बटाट्यांचे वाण आघाडीजवळच्या पाव्हलोव्हस्क येथील शेतांतून तोफांच्या माऱ्यांत काढून आणलेले होते. ते गोठून नासूं नयेत म्हणून तळघरांत मिळेल तें जळण जाळून हिंवाळाभर ऊब राखण्यांत आली, आणि १९४२ च्या वसंतांत ते शहराच्या परिसरांतच पुन्हां जमिनींत गेले. ज्यानें हा संग्रह उभा केला तो व्हॅव्हिलॉव्ह या वेळीं स्वतःच्याच सरकारच्या कैदेंत होता. ऑगस्ट १९४० मध्यें त्याला अटक झाली होती. २६ जानेवारी १९४३ रोजीं साराटोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें खंगून तो मरण पावला. त्याच्यावरील आरोप खोटे होते, हें सरकारनें १९५५ सालीं मान्य केलें.

वाफ्यांतून निघालेल्या भाजीपाल्याचें महत्त्व वाढवून सांगण्याचें कारण नाहीं. शहर तगलें तें मुख्यतः लाडोगा सरोवरावरून आलेल्या धान्यावर. आणि मृत्यूनें व स्थलांतरानें खाणारीं तोंडेंच कमी झालीं होतीं, हेंहि कटु सत्य आहे. परंतु कोबीनें हिरड्या सांवरल्या, आणि दुसऱ्या हिंवाळ्याला लोक पहिल्याइतके रिकाम्या हातानें सामोरे गेले नाहींत. जानेवारी १९४३ मध्यें वेढ्याला खिंड पडली व २७ जानेवारी १९४४ रोजीं तो पूर्णपणें उठला. त्या तळघरांतून आणि कपाटांतून वांचलेल्या वाणांवर पुढें दीर्घकाळ नव्या जातींची पैदास होत राहिली.

थंड देशांतील बाग वसंतांत सुरू होते असें दिसतें. वास्तविक तिचा आरंभ हिंवाळ्यांतच, खाल्ल्यावांचून जपून ठेवलेल्या बियाण्यांत झालेला असतो. १९४२ सालीं लेनिनग्राडच्या चौकांत जीं हिरवीं पानें दिसलीं, त्यांच्यामागें हा हिंवाळ्यांतला उपास होता.