रिपोर्ट नॉर्मल, मग भाऊ नाटक करतोय का?

परतूरहून एका ऐकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याचा धाकटा भाऊ एकवीस वर्षांचा. कॉलेज सुटलं, चौकातली पोरं आपल्यालाच हसतात म्हणतो, रात्री आवाज ऐकू येतात. आधी बाहेरचं बघून झालं, मग एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल. वडील म्हणाले, "बघ, काही नाही. नाटकं आहेत सगळी." दादा, खरंच नाटक असेल का?

यासाठी थोडं मागे जाऊ.

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द 1908 मध्ये स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिला. पण जिवंत माणसाचा मेंदू नीट बघायची सोय तेव्हा नव्हती. 1971 मध्ये लंडनला सीटी स्कॅन आला. 1976 मध्ये ईव्ह जॉनस्टोन यांच्या गटाने वर्षानुवर्षे दवाखान्यात राहिलेल्या 17 रुग्णांचे स्कॅन काढले. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या त्यांच्यात मोठ्या दिसल्या. सरासरीने. हा 'सरासरीने' शब्द धरून ठेवा, सगळी गोम तिथंच आहे.

नव्वदीत फंक्शनल एमआरआय आला. मेंदूच्या कुठल्या भागात रक्तपुरवठा वाढतोय ते तो टिपतो. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, घाबरलेले आणि साधे, आणि बदामाएवढा अमिग्डाला काय करतो ते बघायचं. धोका हुंगणारा भाग तो. रुग्णांत त्याचा प्रतिसाद कमी भरला. लोक म्हणाले, यांच्या भावना बोथट झाल्यात.

पण तो आकडा म्हणजे वजाबाकी असते: घाबरलेला चेहरा वजा साधा चेहरा. 2008 मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी दाखवलं की रुग्णांचा अमिग्डाला साध्या चेहऱ्यालाच जास्त पेटतो. मग फरक कमी दिसणारच ना! आता परतूरचा चौक आठवा. पोरं आपल्या गप्पांत असतात, आणि याच्या मेंदूला त्या साध्या चेहऱ्यांतही धोका दिसत असेल. ही भीती नाटकातली नाही.

मग रिपोर्ट नॉर्मल कसा? कारण हे सगळे फरक गटांच्या तुलनेतून निघालेत. एकट्या माणसाच्या स्कॅनवरून आजार आहे की नाही, हे आजही ठरत नाही. धोक्याच्या उंबरठ्यावरच्या तरुणांवरही असे अभ्यास झालेत. त्यातल्या बहुतेकांना पुढे सायकोसिस होतच नाही. निदान होतं ते डॉक्टरांनी बोलून, घरच्यांना विचारून.

मराठीत हे उघड बोलायला लावलं कॅनडातल्या कॅल्गरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी. मूळचे धुळ्याचे. पत्नीला हा आजार होता. 1997 मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. 2004 चा 'देवराई' सिनेमाही त्यांच्याच पुढाकारातून आला. अतुल कुलकर्णीचा शेष बघाच, आणि बघताना त्याच्या बहिणीकडेही लक्ष द्या.

आपल्याकडचं सांगायचं तर राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार: नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा. मराठवाड्यात एकही नाही. जालन्यासाठी एक मंजूर झालंय, पण उपचारासाठी ते उभं राहायची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी विचारा, किंवा 14416 लावा. टेली-मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि मित्रा, ती एमआरआयची फाइल फेकू नको. गाठ नाही, सूज नाही, एवढं तिने सांगितलंय. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.