डेव्हिडचा बुरूज, एडिंबरा

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथील किल्ल्यात चौदाव्या शतकात बांधलेली आणि १५७३ च्या वेढ्यात कोसळलेली राजगढी. नाव बुरूज असले तरी हा तटातला बुरूज नव्हे. जाड भिंतींच्या आत मजल्यावर मजला चढवून राजाचा निवास आणि संरक्षण दोन्ही साधणारे ते उंच, राहते घर होते. स्कॉटिश सरदारांनी पुढे देशभर अशा गढ्या उभारल्या. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी ही एक. सुमारे साडेतीन शतके ती कोणाच्या नजरेस पडली नव्हती. कागदांतून मात्र ती कधीच गेली नाही.

बांधणारा राजा दुसरा डेव्हिड. त्याचे वडील रॉबर्ट ब्रूस यांनी १३१४ मध्ये हा किल्ला इंग्रजांकडून घेतला आणि तो पुन्हा शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून त्याची तटबंदी पाडून टाकली. डेव्हिड स्वतः १३४६ मध्ये नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत पकडला गेला. अकरा वर्षांच्या कैदेनंतर, एक लाख मर्क खंडणी कबूल करून तो १३५७ मध्ये सुटला. गढीचे काम १३६८ च्या सुमारास सुरू झाले; १३७१ मध्ये डेव्हिड याच किल्ल्यात वारला आणि ते त्याचा भाचा दुसरा रॉबर्ट याने पुरे केले. राजकोशाच्या हिशेबाच्या गुंडाळ्यांत या कामावरचा खर्च नोंदलेला आहे. गढीचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार हाच; हिशेबनिसाला पैशाचा जमाखर्च द्यायचा असतो, गोष्ट रंगवायची नसते.

बखरवजा इतिहासग्रंथांना तेवढे वजन देता येत नाही. नोव्हेंबर १४४० मध्ये किल्ल्यात जेवायला बोलावलेला तरुण अर्ल ऑफ डग्लस आणि त्याचा भाऊ यांना दहा वर्षांच्या राजासमोर पकडून ठार करण्यात आले. हत्या खरी आहे. पानावर काळ्या बैलाचे मुंडके आणून ठेवल्याचा प्रसिद्ध तपशील मात्र सोळाव्या शतकातल्या लेखनात येतो. हा प्रसंग गढीच्या दालनात घडल्याचे सांगतात, तीही परंपराच होय.

गढीचा शेवट कागदोपत्री सर्वांत स्पष्ट आहे. पदच्युत झालेल्या मेरी राणीच्या बाजूने किल्लेदार विल्यम कर्कॉल्डीने किल्ला धरून ठेवला होता. जानेवारी १५७३ मध्ये रोलंड जॉन्सन या इंग्रज पाहणीकाराने किल्ल्याचा अहवाल दिला : या खडकात सुरुंग चालणार नाहीत, तोफांनीच भिंती पाडाव्या लागतील. त्यात डेव्हिडच्या बुरुजाचा नावानिशी उल्लेख आहे. मे महिन्यात इंग्रज सेनापती सर विल्यम ड्रूरीच्या तोफांनी बारा दिवसांत सुमारे तीन हजार गोळे टाकले. २२ मे रोजी गढीची दक्षिण भिंत ढासळली. पडलेल्या दगडांखाली किल्ल्याची विहीरही बुजली. २८ मे रोजी किल्ला पडला आणि ऑगस्टमध्ये कर्कॉल्डीला फाशी झाली. १५७७ च्या हॉलिन्शेडच्या इतिहासग्रंथात या वेढ्याचे चित्र छापले आहे.

राजप्रतिनिधी मॉर्टनने याच अवशेषांवर अर्धचंद्राकृती तोफांची माची उभारायला घेतली. ती १५८८ मध्ये पूर्ण झाली. गढीचा उरलेला भाग तिच्या पोटात गेला. पाडून दगड वाहून नेले असते तर आज काहीच हाती लागले नसते. वर माची चढवल्यामुळे मात्र खालच्या भिंती तगल्या.

१९१२ मध्ये माचीखाली देखभालीचे काम चालू असताना हे अवशेष उजेडात आले. सरकारी वास्तुविशारद डब्ल्यू. टी. ओल्ड्रीव्ह यांनी ते मोकळे करून त्यांची नोंद केली. काही खोल्या आणि बाहेरच्या भिंतीचे तीन मजले चढलेले भाग सापडले; आराखडा इंग्रजी एल अक्षरासारखा निघाला. हिशेब आणि वेढ्याचे अहवाल ज्या इमारतीबद्दल बोलत होते, तिच्या भिंती त्यांच्या शेजारी ठेवून तपासता येऊ लागल्या. जुन्या वास्तूंच्या शोधात असा योग क्वचितच येतो.

दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि राजखड्ग शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून याच अवशेषांत दडवून ठेवले होते; त्यांपैकी मुकुट एका मध्ययुगीन शौचकूपाच्या जमिनीखाली पुरला होता.