परवाना आणि शिधापत्रिका

रेशनच्या दुकानाचा परवाना कोणास द्यावा आणि कोणाचा काढून घ्यावा, हा तंटा वरवर पाहता दुकानदार आणि सरकार या दोघांचाच. तो कोर्टात गेला की एका बाजूस अर्जदार दुकानदार उभा राहतो, दुसऱ्या बाजूस पुरवठा खाते. ज्याच्या पोटासाठी दुकान उघडले, तो शिधापत्रिकाधारक मात्र कागदावर बहुधा नसतोच. हा तिसरा पक्ष कोर्टाच्या दारापर्यंत कसकसा येऊन पोचला, तेवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

महायुद्धाच्या काळात, 1943 च्या मे महिन्यात, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. टंचाईच्या दिवसांत धान्य वाटण्याचा अधिकार म्हणजे केवढी सत्ता, हे लोकांस तेव्हा उमगले. युद्ध संपले, नियंत्रणे मात्र राहिली. 1946 चा तात्पुरता कायदा गेला आणि 1955 साली जीवनावश्यक वस्तूंचा कायमचा कायदा आला. परवाना द्यावयाचा, दुकान तपासावयाचे आणि परवाना रद्दही करावयाचा, अशी सारी सूत्रे सरकारी खात्याच्याच हाती राहिली.

या सत्तेस पहिला मोठा लगाम बसला तो 1954 साली, आणि तोही धान्याच्या नव्हे, कोळशाच्या दाव्यात. उत्तर प्रदेशाच्या 1953 च्या कोळसा नियंत्रण हुकुमाखाली परवाना देणे, नाकारणे व रद्द करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविले होते. त्याने कारणे लिहून ठेवावीत एवढीच अट होती. ती कारणे पारखणारा वरिष्ठ कोणी नेमलेला नव्हता. कानपूरच्या द्वारकाप्रसाद लक्ष्मीनारायण या पेढीने दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. परवाना ही साहेबाची मेहरबानी नव्हे, हे तेथे ठरले.

पण मेहरबानी नव्हे म्हणून तो वतन ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर 1981 साली मिळाले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधील, बेमेतरा तहसिलीच्या दुकानदार संघाने, रास्त भावाच्या दुकानांसाठी सहकारी संस्थांस अग्रक्रम देणाऱ्या सरकारी योजनेस आव्हान दिले होते. न्यायालयाने योजना उचलून धरली. धान्याचा व्यापार करावयास कोणी अडविलेले नाही. सरकारचा वाटपदार म्हणून मलाच नेमा, असा हक्क मात्र कोणास सांगता येत नाही. आपल्या अर्जाचा विचार व्हावा, एवढेच मागता येते, असा त्या निकालाचा आशय होता.

महाराष्ट्रात 2007 च्या नोव्हेंबरात शासनाने महिला बचत गटांस अग्रक्रम दिला. पुढे 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पंचायती, बचत गट व सहकारी संस्था यांना पसंती देण्याचे तत्त्व साऱ्या देशासाठी घातले. त्याआधीच 2001 साली भुकेचा प्रश्न घेऊन लोकस्वातंत्र्य संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. 2 मे 2003 च्या हुकुमात न्यायालयाने सांगितले की, जे दुकानदार दुकान वेळेवर उघडत नाहीत, गरिबांची कार्डे अडकवून ठेवतात, खोट्या नोंदी करतात किंवा काळाबाजार करतात, त्यांचे परवाने रद्द करावेत. परवान्याचे माप दुकानदाराच्या वा अधिकाऱ्याच्या नव्हे, तर कार्डधारकाच्या हाती येण्याची ही सुरुवात होती.

आता आपल्या भागाकडे पाहू. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स पिंपरीस आली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि शेत सोडून आलेला माणूस विकतच्या धान्यावर जगू लागला. चाकणच्या कारखान्यांत आज परप्रांतांतूनही कंत्राटी कामगार येतात. येथे एखादा परवाना निलंबित झाला की तेथील कार्डे शेजारच्या दुकानास जोडतात. अपिलात स्थगिती मिळाली की ती परत येतात. दोन्ही वेळा फेरे पडतात ते कामगाराच्या बायकोला, आणि रांगेत मोडतो तो रोजंदारीचा दिवस.

कारखान्यात आरोपपत्र व चौकशी यांवाचून कामगारास काढू नये, असे म्हणणारे आम्ही, दुकानदारास मात्र नोटिशीवाचून काढा, असे कसे म्हणावे? त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. पण त्याच चौकशीत कार्डधारकाचेही ऐकावे. कायद्याने दक्षता समित्या व सामाजिक लेखापरीक्षण दिलेले आहे. 29 जून 2021 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना सर्व राज्यांनी 31 जुलैपर्यंत लागू करावी असे फर्माविले. त्यामुळे बिहारचे कार्ड चाकणलाही चालावयास हवे. कार्डधारक दुकान बदलू शकला, तर परवान्याची मिजास आपोआप उतरते. मात्र दुसऱ्या दुकानीही धान्य असले पाहिजे, आणि ते आहे की नाही हे विचारणारी वस्ती जागी असली पाहिजे. निकाल दिल्लीस लागतात. त्यांची अंमलबजावणी मात्र आपल्या गल्लीतील तराजूपाशीच होते.