कमी चाललेली गाडी

जुनी मोटार विकायला काढणाऱ्याच्या जाहिरातीत तीन गोष्टी हटकून असतात. मालक एकच, तो डॉक्टर, आणि गाडी फार कमी चाललेली. या जाहिराती वाचून माझी अशी समजूत झाली आहे की आपल्याकडचे डॉक्टर गाडी घेतात, तिची नाडी बघतात आणि लगेच विकून टाकतात.

पण 'कमी चाललेली' या दोन शब्दांची खरी करामत पाहायची असेल तर अमेरिकेत जायला हवं. तिथं शेव्रोले कंपनीची कॉर्व्हेट नावाची स्पोर्ट्स कार आहे. तिचं १९७८ सालचं एक खास मॉडेल अजूनही विकायला निघतं, आणि त्यातल्या कित्येक गाड्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत हजार मैलसुद्धा गेलेल्या नसतात. माझी बँकेत जाण्यायेण्याची चप्पल वर्षाला याहून जास्त चालते.

शेव्रोले हे नाव मुंबईला नवं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला कारखाना थाटून तिथं गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पुढं वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी कुर्ल्याला आली आणि डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी भारदस्त नावं तिथून बाहेर पडू लागली. कुर्ला म्हणजे आम्हा सांताक्रूझवाल्यांचं शेजारगाव. मधे काय ती कलिना आणि मिठी नदी. पण १९५३ साली सरकारनं ठरवलं, सुटे भाग आणून नुसते नटबोल्ट आवळणं बंद. गाडी इथंच बनवायची असेल तर राहा. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये शिवडीतला गाशा गुंडाळला. गंमत अशी की कॉर्व्हेटचा जन्म १९५३ चाच. मिशिगनमधल्या फ्लिंट गावी त्या वर्षी फक्त तीनशे गाड्या झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि अंग लोखंडी पत्र्याचं नव्हे तर फायबरग्लासचं. म्हणजे इकडे बारसं झालं आणि वर्षभरात माहेरची माणसं मुंबई सोडून गेली. ओळखच झाली नाही. आपल्या वाट्याला फियाट आली. तिनं मात्र टॅक्सी होऊन पन्नासेक वर्षं आपल्याला वाहिलं. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली तेव्हा लोक हळहळले. ती किती मैल चालली होती हे कुणी विचारलं नाही.

असो. इंडियानापोलिसला दरवर्षी मे महिन्यात पाचशे मैलांची मोटारशर्यत असते. सुरुवातीला सगळ्या गाड्यांच्या पुढं एक गाडी धावते, वेग लावून देते आणि बाजूला होते. मिरवणुकीपुढं लेझीम असतं ना, तसंच. १९७८ साली हा मान कॉर्व्हेटला मिळाला. तिला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून कंपनीनं ठरवलं की वर काळी, खाली रुपेरी, मधे लाल रेघ अशी हुबेहूब तशीच गाडी गिऱ्हाइकालाही विकावी. आधी म्हणे तीनशेच काढणार होते. मग विक्रेत्यांची कुरकुर नको म्हणून प्रत्येकाला निदान एक तरी द्यायचं ठरलं आणि आकडा गेला ६,५०२ वर. पंगतीला पन्नास पानं म्हणता म्हणता गाव जेवून जातं, तसं.

छापील किंमत होती १३,६५३ डॉलर. पण 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द कानावर पडताच लोकांच्या अंगात आलं. वॉल स्ट्रीट जर्नलसारख्या पेपरानं पहिल्या पानावर बातमी दिली. माणसं दुप्पट पैसे मोजायला तयार झाली, कुणी त्याहून जास्त. आणि गाडी घरी आणून काय केलं? गॅरेजात ठेवली. सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही. दारावर चिकटवायची अक्षरं गाडीबरोबर सुटी येत, ती तशीच पाकिटात ठेवली. वर चादर घातली आणि वाट बघत बसले.

आमच्या घरी काचेच्या कपाटात एक टी-सेट आहे. आईच्या लग्नात आलेला. त्यातून चहा प्यायलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. तेव्हा हे सगळं वाचून मला अमेरिका एकदम आपल्या वाडीतली वाटू लागली.

हा विषय माझ्या गळ्यात पडला तो माझ्या भाच्यामुळे. तो तिकडे डेट्रॉइटच्या बाजूला असतो. त्याला अशीच एक गाडी दिसली, तीस हजार डॉलरच्या आसपास मागणी असलेली, आणि हाताशी साठवलेली रक्कमही नेमकी तेवढीच. त्यानं फोन केला. "मामा, तुम्ही बँकेतले. गुंतवणूक म्हणून कशी वाटते?"

"किती चाललीय?"

"सातशे मैल फक्त!"

मी कागद-पेन्सिल घेतली. बी.कॉम. झाल्याचा उपयोग आयुष्यात दोनदाच होतो; त्यातली ही एक वेळ. १३,६५३ डॉलर १९७८ साली पाच टक्के चक्रवाढीनं निमूट ठेवले असते तर पंचेचाळीस वर्षांत त्यांचे सव्वा लाखाच्या आसपास झाले असते. ते राहू द्या. नुसती महागाई धरली तरी त्या रकमेची आजची किंमत साठ हजारांच्या वर जाते. आणि गाडी मिळतेय तीस हजारांत! म्हणजे ज्यानं सत्तेचाळीस वर्षं तिला धूळ लागू दिली नाही, पोरांना हात लावू दिला नाही, त्याचे निम्म्याहून जास्त पैसे चादरीखालीच विरले. कारण उघड आहे. हीच युक्ती एकाच वेळी हजारो माणसांना सुचली. दुर्मिळ म्हणून सगळ्यांनीच जपली, तर दुर्मिळ राहणार कशी?

बरं, ठेवून गाडी चांगली राहते म्हणावं, तर तेही नाही. टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो, टायरला भेगा पडतात, रबरी नळ्या कडक होतात. या गाडीचे समोरचे दिवे हवेच्या ओढीवर उघडतात. नळी गळली की एक डोळा उघडा, एक मिटलेला. ब्रेकच्या सिलिंडरात दमट हवेनं गंज धरतो. बसून बसून गुडघे धरावेत, तसा प्रकार.

"मग घेऊन चालवू का, मामा?" भाच्याचा आवाज एकदम लहान झाला होता. मला आठवलं, हा सातवीत असताना जुहूच्या रस्त्यावर परदेशी गाड्या मोजत उभा राहायचा.

"चालवलीस की किंमत उतरली," मी म्हटलं. हिशेबानं तेच खरं होतं.

"मग सांताक्रूझला पाठवतो. २०२८ साली पन्नास वर्षांची होईल."

यावर आमच्याकडे नियम आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो, वीस हजार रुपये फी, आणि अट अशी की रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. न चालवण्याची सोय इथं कायद्यानंच केलेली आहे. ते बरंच म्हणायचं, कारण पोट जमिनीला टेकेल अशा बेतानं बसलेली ती गाडी जुलैत मिलन सबवेत उतरली असती तर तिला बाहेर काढायला कोळीवाड्यातून होडी मागवावी लागली असती.

'ऑन' देऊन गाडी घेण्याचं वेड मात्र आपल्यालाही ठाऊक आहे. अमेरिकेत कॉर्व्हेटसाठी झुंबड उडाली त्याच काळात आपल्याकडे बजाजच्या स्कूटरला दहा-दहा वर्षं थांबावं लागे, आणि शोरूममधून निघालेली चेतक दारात पोचण्याआधी जास्त किमतीला विकली जाई. फरक एवढाच की तिथं टंचाई जाहिरातीनं केली होती, इथं परवान्यांनी. माझ्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी जन्मायचा होतो. स्कूटर आली तेव्हा पहिलीत होतो. त्याच संध्याकाळी वाकोल्याचे एक गृहस्थ पेढे खायला म्हणून आले आणि वर चार हजार द्यायला तयार झाले. वडिलांचा तेव्हाचा पगार दीड हजार. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काही बोलली नाही. वडिलांनी त्यांना आणखी एक पेढा दिला आणि मला पुढं उभं करून कलिन्यापर्यंत चक्कर मारून आणली.

पुढं वीस वर्षं ते तिच्यावरून ऑफिसला गेले, गणपती आणले, गॅसचा सिलिंडर आणला, माझ्या बहिणीला परीक्षेला सोडलं. आठव्या का नवव्या वर्षी मीटरची केबल तुटली, ती त्यांनी कधी बदलली नाही. "किती चालली ते कळून करायचंय काय?" म्हणत. शेवटी विकायला काढली तेव्हा गॅरेजवाल्यानं वाकून मीटर बघितला, एकतीस हजार किलोमीटर. मग आदरानं वडिलांकडे वर पाहिलं.

"काका, फारच जपून ठेवलीत हो!" तो म्हणाला. "डॉक्टर का तुम्ही?"